छोट्या विमानाच्या कॉकपिटमधून घरगुती व्हिडिओ: कॅमेरा कुठे लावायचा, प्रॉपेलर वाकडा का दिसतो, आवाज कसा घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: खासगी वैमानिकाचं लायसन्स नुकतंच मिळालंय, सेस्ना 172 मधून घरच्यांना एक चक्कर मारून आणायची आहे आणि त्या उड्डाणाचा व्हिडिओ घरी ठेवायचा आहे. याआधी एकट्याने केलेल्या चित्रणात प्रॉपेलरची पाती तुटक्या विळ्यांसारखी हवेत तरंगताना दिसली, बोलणं ऐकूच आलं नाही आणि चित्र सतत थरथरत होतं. कुठला कॅमेरा घ्यावा, असं विचारलंय.

कॅमेरा कुठलाही चालेल. गेल्या काही वर्षांतला कुठलाही ॲक्शन कॅमेरा या कामाला पुरतो. मी अशी विमानं बरीच वर्षं उडवतोय आणि शिकवतोय. विद्यार्थ्यांच्या आणि घरच्यांच्या उड्डाणांचं चित्रणही करत आलोय. त्यातून एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय आणि बाकी सगळं त्यातूनच ठरतं: इंजिन सुरू व्हायच्या आधी वैमानिकाचं कॅमेऱ्याशी असलेलं काम संपलेलं असलं पाहिजे. बटण दाबून झालेलं, कोन ठरलेला, रेकॉर्डिंग चालू. त्यानंतर विमान थांबून इंजिन बंद होईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. मध्येच बंद पडला तर पडला. वाकडा झाला तर वाकडाच राहू द्यायचा.

हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. 31 मे 2014 रोजी अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या वॉटकिन्सजवळ एक सेस्ना 150 रात्री, ढग खाली असताना, कोसळलं आणि आतले दोघेही गेले. अवशेषांजवळ एक गोप्रो सापडला. अपघाताच्या उड्डाणाचं चित्रण त्यात नव्हतं, पण त्याआधीच्या उड्डाणांत वैमानिक आणि प्रवासी फोनवर सेल्फी काढताना दिसत होते. रात्रीच्या उड्डाणात तर फ्लॅश लावून, तेही टेकऑफ आणि चढाईच्या वेळी. फोनमुळे वैमानिकाचं लक्ष विचलित होऊन त्याला दिशाभ्रम झाला असावा, असा निष्कर्ष तपास यंत्रणेने काढला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटिश हवाई दलाचं एक व्हॉयेजर विमान, म्हणजे एअरबस ए 330, काळ्या समुद्रावरून जाताना अचानक नाक खाली करून 27 सेकंदांत 4,400 फूट खाली आलं. कॅप्टनचा कॅमेरा खुर्चीचा आर्मरेस्ट आणि साइडस्टिक (वैमानिकाच्या बाजूला असलेली, विमानाचं नाक वर-खाली करायची दांडी) यांच्यामध्ये ठेवलेला होता. खुर्ची पुढे सरकवली आणि कॅमेऱ्याने स्टिक पुढे ढकलली. एवढ्या मोठ्या विमानात एक सुटा कॅमेरा हे करू शकतो. आपल्या कॉकपिटमध्ये तर जागा त्याहून कितीतरी कमी, आणि सुटी वस्तू पायाने चालवायच्या रडर पेडलखाली जायला एक धक्का पुरतो.

म्हणून कॅमेरा कुठे लावायचा हे ठरवताना चित्र कसं दिसेल हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की तो कशाच्या आड येतो. योक, म्हणजे वैमानिकापुढचं सुकाणू, पूर्ण मागे आणि पूर्ण दोन्ही बाजूंना फिरवून बघा. दार उघडून बघा. फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडायची कळ), अग्निशामक, खिडकीची कडी यांच्यापर्यंत हात सरळ जातो का ते बघा. मग नेहमीच्या जागी बसून नजर फिरवा: कॅमेऱ्यामागे दुसरं विमान लपू शकेल अशी जागा असेल, तर ती जागा बाद.

होकायंत्राची गोष्ट बहुतेक जण विसरतात. कॅमेऱ्यात स्पीकर असतो, त्यात चुंबक असतं. काही स्टँडच्या बुडातही चुंबक असतं. विंडशील्डच्या मध्यावर, होकायंत्राशेजारी कॅमेरा चिकटवण्याचा मोह होतो, कारण तिथून समोरचं सगळं छान दिसतं. विमान जमिनीवर उभं असताना होकायंत्राचा आकडा वाचा, मग कॅमेरा चालू करून त्याच्या जागी आणा. आकडा जरासा जरी हलला तरी जागा बदला. त्याच वेळी रेडिओचा स्क्वेल्च (कुणी बोलत नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडा ठेवून हेडसेटमध्ये काही नवी खरखर येते का ऐका. स्वस्तातले यूएसबी चार्जर या बाबतीत फार वाईट. विमानाच्या 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते गोंगाट घालतात. कॅमेऱ्याचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा, त्याने बॅटरीही वाचते.

माझ्या मते घरगुती व्हिडिओसाठी सगळ्यात चांगली जागा एकच: पुढच्या दोन आसनांच्या मागे, थोडी वर, छताजवळ. तिथून दोघांचे खांदे, पॅनेल, समोरचं क्षितिज आणि बाजूच्या खिडकीचा तुकडा असं सगळं एका चौकटीत येतं. बघणाऱ्याला आपण मागच्या सीटवर बसलोय असं वाटतं. दुसरा कॅमेरा असेल तर तो उजव्या बाजूला पुढे, पण मागे तोंड करून लावा. त्यात चेहरे येतात. वरून दिसणारी शेतं, नद्या, गावं आकाशातून काढलेल्या हजारो व्हिडिओंत सारखीच दिसतात. पहिल्यांदा चाकं सुटल्यावर आईने सीट घट्ट धरली, मग पाच मिनिटांनी ती खिडकीला नाक लावून बसली, हे मात्र फक्त तुमच्याकडे असणार आहे. एकच कॅमेरा असेल आणि मन द्विधा असेल तर मी बिनदिक्कत चेहऱ्यांची बाजू घेईन.

स्टँड जितका आखूड तितका चांगला. लांब दांडीच्या टोकाला कॅमेरा बसवला की इंजिनाची कंपनं वाढत वाढत लेन्सपर्यंत पोचतात आणि चित्रात लाटा येतात. तुमचं चित्र थरथरत होतं ते बहुधा यामुळेच. पॅनेलवर, म्हणजे विंडशील्डखालच्या काळ्या कठड्यावर, काही लावू नका. उपकरणांचं पॅनेल बऱ्याचदा रबरी आधारांवर बसवलेलं असतं आणि स्वतंत्रपणे हलतं. शिवाय तिथे ऊन थेट पडतं आणि कॅमेरा तापून बंद होतो.

सक्शन कप वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: तो बाहेरच्या हवेच्या दाबावर टिकतो. समुद्रसपाटीला हा दाब 1013 हेक्टोपास्कल असतो, 10,000 फुटांवर साधारण 697, म्हणजे धरण्याची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी कमी. जमिनीवर घट्ट बसलेला कप वर गेल्यावर सुटू शकतो. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला एक दोरी, दुसऱ्या टोकाला विमानाचा पक्का भाग, आणि दोरीची लांबी इतकीच की कॅमेरा सुटला तरी कंट्रोलपर्यंत पोचणार नाही. खिडक्या आणि विंडशील्ड काचेचे नसतात, ॲक्रिलिकचे असतात. धुळीवर कप दाबला की ओरखडा पडतो आणि अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाने त्यावर बारीक तडे जातात. भरपूर पाणी, मऊ कापड, आणि विमान भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारणं.

विमानाच्या बाहेर कॅमेरा लावायचा विचार सध्या सोडून द्या. पंखाखालचं चित्र सुंदर येतं हे खरंय. पण बाहेरची प्रत्येक गोष्ट हवेचा प्रवाह बदलते, सुटली तर शेपटीवर आदळू शकते किंवा खाली कुणाच्या डोक्यावर पडू शकते. त्यासाठी कुठली मंजुरी लागते ते प्रत्येक देशात वेगळं आहे आणि ते परवानाधारक मेकॅनिककडून समजून घ्यायचं असतं. हवेतून चित्रण करण्यावर आणि विमानतळावर कॅमेरा वापरण्यावरही काही देशांत निर्बंध असतात. उड्डाणाआधी आपल्या क्लबला विचारून घ्या.

आता प्रॉपेलर. कॅमेऱ्याचा सेन्सर संपूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. 2400 आरपीएमवर (मिनिटाला 2400 फेऱ्या) प्रॉपेलर सेकंदाला 40 फेऱ्या मारतो, म्हणजे एक फेरी 25 मिलिसेकंदांत. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत येईस्तोवर पातं बरंच पुढे गेलेलं असतं. प्रत्येक ओळीत ते वेगळ्या जागी उमटतं आणि सगळ्या ओळी एकत्र केल्या की ते वाकडं, तुटलेलं दिसतं. ओळी वाचायचा वेग आपल्या हातात नसतो. हातात असतो तो शटर. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि लेन्सचं छिद्र एफ 2.8 असताना योग्य शटर सुमारे 1/3200 सेकंद येतो. एवढ्या कमी वेळात पातं जवळजवळ गोठतं, म्हणून त्याची वाकडी कड ठळक दिसते. शटर बराच वेळ उघडा राहिला तर पातं फिरता फिरता पुसट होऊन जातं.

किती वेळ? दोन पात्यांच्या प्रॉपेलरला अर्धी फेरी पुरते, तेवढ्यात दोन्ही पाती मिळून सगळं वर्तुळ झाकतात. 2400 आरपीएमला अर्धी फेरी म्हणजे 12.5 मिलिसेकंद, म्हणजे 1/80 सेकंद. त्याहून संथ शटर ठेवा, 1/60 ठेवला की काम झालं. पण एवढ्या उजेडात 1/60 ठेवला तर चित्र पांढरंफटक होईल, म्हणून लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लागतो. एनडी 32 प्रकाश पाच स्टॉपने कमी करतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), एनडी 64 सहा स्टॉपने. 1/3200 वरून 1/60 च्या आसपास यायला लखलखीत उन्हात एनडी 64 लागतो, थोडं ढगाळ असेल तर 32 किंवा 16 भागतो. शटर 1/60 वर कायम करा, आयएसओ आपोआप राहू द्या पण त्याला वरची मर्यादा घाला. आतला भाग फार अंधारा आणि दाणेदार येत असेल तर एक पायरी हलका फिल्टर घ्या.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, आरपीएम हजाराच्या आत-बाहेर असतं, तिथे अर्ध्या फेरीलाच 30 मिलिसेकंद लागतात. त्या वेळी पाती थोडी विचित्र दिसणारच, ते सोडून द्या. बाजूच्या खिडकीतून काढताना प्रॉपेलर चौकटीत नसतो, तिथे फिल्टरची गरज नाही.

एनडीऐवजी पोलरायझर लावू नका. समुद्राच्या पाण्यावरची चकाकी घालवायला तो उत्तम आहे, पण ॲक्रिलिकच्या खिडकीतून बघताना त्याने इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात आणि पॅनेलवर काट्यांच्या उपकरणांऐवजी डिजिटल स्क्रीन असतील तर काही कोनांतून ते काळे पडलेले दिसतात.

कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद करा. हे ऐकून लोकांना नवल वाटतं. ते कॅमेऱ्यातल्या जायरोवर, म्हणजे हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर, चालतं. विमान हललं की कॅमेरा बाहेरच्या जगाच्या हिशेबाने चित्र स्थिर करायला जातो आणि मग कॉकपिट डुलायला लागतं. क्षितिज सरळ ठेवण्याची सोय असेल तर तीही बंद. वळणावर विमान तीस अंश कललेलं असताना व्हिडिओत ते सपाट दिसणार असेल, तर त्या वळणात उरलं काय? कॅमेरा विमानाला घट्ट बांधलेला असू द्या आणि क्षितिजाला कलू द्या.

विंडशील्डमधलं प्रतिबिंब ही आणखी एक कटकट. त्यात कठड्यावर ठेवलेला नकाशा दिसतो, पांढरा शर्ट दिसतो. पुढे बसणाऱ्या दोघांनी गडद, बिनचमकीचे कपडे घालावेत आणि कठड्यावर कागद ठेवू नयेत. फोनने खिडकीतून काढत असाल तर फोकस आधी दूरवर लॉक करा, नाहीतर तो विंडशील्डवरच्या किड्यांवर आणि ओरखड्यांवर जाऊन बसतो. सूर्य पाठीशी किंवा बाजूला असलेला बरा. सूर्यासमोर जुनं विंडशील्ड नुसतं पांढरं होतं. शक्य असेल तर सकाळी लवकर जा. ऊन तिरकं असतं, जमिनीला उठाव येतो आणि हवा शांत असते. दुपारी जमीन तापली की वर येणाऱ्या हवेच्या धक्क्यांनी चित्रही बिघडतं आणि माणसंही.

माणसांबद्दल हे नीट वाचा. मागे बसलेल्या व्यक्तीला फोन देऊन 'तू काढत राहा' असं सांगितलं जातं आणि वीस मिनिटांत ती व्यक्ती फिकी पडून घाम पुसायला लागते. डोळे स्थिर स्क्रीनकडे, कानातलं संतुलन मात्र सांगतंय की आपण हलतोय. या विसंगतीने मळमळतं. छोट्या विमानात पहिल्यांदा बसलेल्याला तर लवकरच. म्हणून प्रवाशाने एका वेळी पंधरा-वीस सेकंदच काढावं आणि मग मान वर करून क्षितिजाकडे बघावं. फोन खिडकीला टेकवू नये, एक-दोन सेंटिमीटर अंतर ठेवावं. टेकवला की विमानाची कंपनं थेट चित्रात येतात. कोपर पोटाशी, दोन्ही हातांनी धरलेला, पट्टा मनगटात. 172 ची खिडकी उड्डाणात उघडता येते आणि कुणाला तरी हात बाहेर काढायची इच्छा होतेच. फोन आणि हात दोन्ही आतच राहतील, हे जमिनीवरच ठरवून घ्या. उलटीच्या पिशव्या प्रत्येक सीटच्या खिशात ठेवा आणि कुणाला बरं वाटेनासं झालं तर चित्रण थांबवून सरळ परत फिरा.

त्यांना आणखी एक गोष्ट आधीच सांगायची असते. अमेरिकेत 1981 पासून विमान कंपन्यांच्या वैमानिकांना 10,000 फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेलं बोलणं आणि काम करायला मनाई आहे. आपल्या छोट्या विमानाला तो आकडा लावण्यात अर्थ नाही, आपण अख्खा वेळ त्याच्या खालीच असतो. मी असं ठरवलंय: टॅक्सीपासून सरळ-सपाट उड्डाण सुरू होईपर्यंत, आणि परतताना विमानतळ दहा मिनिटांवर आल्यापासून इंजिन बंद होईपर्यंत, मला कुणी हाक मारायची नाही. फक्त दुसरं विमान दिसलं किंवा काही धोका वाटला तर लगेच सांगायचं. कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायला सांगायचं नाही. व्हिडिओत ही शांतता वाईट दिसत नाही. टेकऑफच्या वेळी सगळे गप्प असतात आणि चेहऱ्यांवर सगळं चाललेलं असतं, तो भाग लोक पुन्हा पुन्हा बघतात.

आवाजावर मी चित्रापेक्षा जास्त मेहनत घेतो. एका पिस्टन इंजिनच्या विमानात आवाज सहज 90 डेसिबलच्या वर असतो, कॅमेऱ्याच्या माइकला त्यातून बोलणं वेगळं काढता येत नाही. बोलणं इंटरकॉममध्ये, म्हणजे सगळ्यांचे हेडसेट जोडणाऱ्या यंत्रणेत आहे, तिथूनच घ्या. सोपा उपाय म्हणजे कॉलरला लावायचा छोटा माइक हेडसेटच्या एका कपाच्या आत, कानाशेजारी ठेवायचा आणि त्याची बारीक तार गादीखालून बाहेर काढून छोट्या रेकॉर्डरला जोडायची. रेडिओ, इंटरकॉम, सगळ्यांचं बोलणं मिळतं आणि विमानाच्या वायरिंगला हात लागत नाही. दुसरा उपाय म्हणजे मागच्या रिकाम्या सीटच्या हेडसेट जॅकमध्ये लागणारी केबल. त्यात एक खबरदारी: हेडफोनकडे जाणारा सिग्नल माइकपेक्षा बराच जोरकस असतो, म्हणून तो कमी करून देणारीच केबल घ्या, नाहीतर आवाज फाटतो. वैमानिकाचा स्वतःचा जॅक यासाठी वापरू नका. इंटरकॉमचा स्क्वेल्चही बघून ठेवा. फार आवळलेला असेल तर प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द कापला जातो. रेकॉर्डर आणि कॅमेरे चालू झाले की, इंजिन सुरू करण्याआधी, कॅमेऱ्यासमोर मोठ्याने एक टाळी वाजवा आणि रेकॉर्डरच्या माइकलाही ती ऐकू जाईल असं बघा. नंतर चित्र आणि आवाज जुळवायला ती लागते.

इंजिनाचा आवाज पूर्ण पुसून टाकू नका. कॅमेऱ्याचा मूळ आवाज हलका खाली ठेवा आणि बोलणं त्याच्या वर. पॉवर कमी केल्यावर बदलणारा इंजिनाचा सूर आणि चाकं टेकल्याचा ठोका संगीताखाली गाडले गेले तर फार नुकसान होतं. रेडिओवरचं संभाषण प्रसिद्ध करायला काही देशांत कायद्याने बंदी आहे, ब्रिटन त्यातला एक. घरात बघायच्या प्रतीत आणि लोकांपुढे टाकायच्या प्रतीत हा फरक करावा लागतो.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो. 1080पी किंवा 4के, 30 फ्रेम. 60 फ्रेमने कॅमेरा जास्त तापतो आणि बॅटरी लवकर संपते. कार्ड रिकामं, वेगवान. बॅटरी पूर्ण भरलेली, आणि उड्डाणाची लांबी बॅटरीला मानवेल एवढी. उन्हात पॉवर बँक ठेवू नका. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर इतक्या छोट्या जागेत तिच्यापासून लांब जायला कुठेच वाव नसतो.

घरच्यांना नेण्याआधी हीच सगळी जुळणी घेऊन एकदा इन्स्ट्रक्टरबरोबर उडा. कॅमेरे कुठे सुटतात, कुठे तापतात, तुमची नजर नकळत लाल दिव्याकडे जाते का, हे त्यात कळतं. ते चित्रण नंतर लँडिंगसाठीही बघा. फ्लेअर करताना, म्हणजे चाकं टेकण्याआधी, नाक कधी उचललं, धावपट्टीच्या मध्यरेषेपासून किती सरकलो, हे मागून लावलेला कॅमेरा अगदी स्वच्छ दाखवतो. विद्यार्थ्यांना मी तोंडी सांगून जे समजत नाही ते त्यात लगेच दिसतं.

एका तासाच्या उड्डाणातून चार-पाच मिनिटं काढा. विमानाकडे चालत जाणं, सीटबेल्ट लावताना होणारी धांदल, टेकऑफ न कापता, मग वरचे तीन-चार तुकडे ज्यात कुणीतरी काहीतरी बोललंय, शेवटचं वळण आणि लँडिंग न कापता. मूळ फायली मात्र पुसू नका, आवाजाच्या फायलीसकट दोन ठिकाणी जपून ठेवा, कारण आज निरर्थक वाटून कापलेलं आजोबांचं एखादं वाक्य दहा वर्षांनी कुणीतरी मागणार आहे.